पावसाळ्यातील धम्मयात्रा आणि मेंदूज्वर



लुंबिनी, श्रावस्ती, कुशीनगरला जायचे ठरले की आपण बेलापूरकर प्रथम तिकिटांचा आणि शिदोरीचा विचार करतो. श्रीरामपूरच्या ‘बेलापूर’ स्टेशनवर गाडीत बसायचे, मनमाडला गाडी बदलायची आणि गोरखपूरला उतरायचे. या तयारीत आज आम्ही आणखी एका वस्तूची भर घालणार आहोत. ती म्हणजे मच्छरदाणी.

ही पवित्र स्थळे ज्या तराईच्या पट्ट्यात आहेत, त्याच पट्ट्यात जपानी मेंदूज्वर आढळतो. 1978 साली गोरखपूर भागात आणि नेपाळच्या रूपनदेही जिल्ह्यात, म्हणजे लुंबिनीच्याच जिल्ह्यात, या रोगाची साथ आली. 2005 साली पूर्व उत्तर प्रदेशात मेंदूज्वराने एक हजाराहून अधिक बळी घेतले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. 2006 पासून तेथील मुलांना लस देण्यास सुरुवात झाली आणि पुढे रोगी पुष्कळ कमी झाले. परंतु लसीने माणूस वाचतो, विषाणू नाहीसा होत नाही. तो बगळ्यांत व डुकरांत वाढतो आणि भातखाचरात पैदा होणारा क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतो. रोग्याच्या स्पर्शाने हा रोग होत नाही. म्हणून रोग्याला दूर लोटू नका आणि डुकरे पाळून पोट भरणाऱ्या गरिबालाही दोष देऊ नका.

लागण झालेल्या सुमारे 250 जणांत एखाद्यालाच तीव्र आजार होतो. म्हणून आठवडाभराच्या यात्रेत भिण्याचे कारण नाही. पण तीव्र आजार झालेल्या दर 100 रुग्णांत 20 ते 30 दगावतात. वाचलेल्यांपैकी अनेकांना पांगळेपणा, झटके किंवा मंदबुद्धी जन्मभर राहते. या रोगावर खास औषध नाही.

धोक्याचा काळ जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे नेमका वर्षावासाचा. तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्यात चारिका थांबवून एका जागी राहण्यास सांगितले होते. आपणही कुटुंबासह जायचे तर हिवाळा निवडावा. ज्यांना वर्षावासासाठी तिकडे महिना-दोन महिने राहायचे आहे, त्यांनी निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना लसीबद्दल विचारावे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या सहकार्याने तयार झालेली भारतीय लस 2013 पासून मिळते.

हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणून दिवे लागण्यापूर्वी अंगभर कपडे घालावेत, उघड्या अंगाला डास पळवणारे मलम लावावे आणि धर्मशाळेच्या ओसरीवर मच्छरदाणीशिवाय झोपू नये. मुलांना तर नाहीच नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डास चावल्यापासून 5 ते 15 दिवसांनी ताप येतो. तोवर आपण घरी परतलेले असतो. आपला मुलूख उसाचा आणि पाटपाण्याचा. येथे ताप म्हटला की हिवताप किंवा डेंग्यू आठवतो. म्हणून परतल्यावर ताप, डोकेदुखी, उलट्या, झटके किंवा बडबड सुरू झाली तर अंगारेधुपारे करीत बसू नका. तातडीने मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा, “आम्ही तराईतून आलो आहोत.” या एका वाक्याने निदानाची दिशा ठरते आणि वेळ वाचतो.

यात्रेला अवश्य जा, आणि सर्वजण सुखरूप परत या. नमो बुद्धाय! जयभीम!