'हॅव' आणि आपलं 'आहे'

नागपूरहून मी तुमच्याशी बोलतोय. कानात इअरफोन लागले ना? मग चला. आजचं क्रियापद आहे 'हॅव'.

"यात काय शिकायचं, हे तर शाळेतच झालं," असं म्हणाल. पण नोकरीच्या मुलाखतीत घरच्यांबद्दल विचारलं की आपल्यातले कितीतरी जण सांगतात, "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स." समोरचा गालात हसतो. आणि ज्याला स्वतःच्या विषयातलं सगळं येतं तो पोरगा पुढची 10 मिनिटं गप्प! एका 'हॅव'पायी नोकरी जायला नको, म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

मुळात मराठीत 'हॅव'साठी वेगळं क्रियापदच नाही. "मला भाऊ आहे", "माझ्याकडे गाडी आहे", "मला ताप आहे". सगळीकडे 'आहे'. आपल्या वऱ्हाडीतही "मले भाऊ आहे". 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे बर्डीवर आजही अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत चालतं. पण हिंदीतही तेच, "मेरे पास गाड़ी है". रशियन लोकही "माझ्याकडे आहे" अशाच धाटणीनं बोलतात. इंग्रजीत मात्र माणूस थेट मालक होऊन पुढे येतो, "आय हॅव". आपल्या डोक्यात 'आहे' पक्कं बसलेलं, म्हणून आधी 'ॲम' निघतो आणि मागून 'हॅविंग' येतं, असं मला वाटतं. यात अक्कल कमी असण्याचा काही संबंध नाही.

आता गंमत बघा. 'हॅव'ची तीन मोठी कामं आहेत, आणि आपलं 'आहे' ती तिन्ही करतं.

पहिलं, जवळ असणं. "आय हॅव अ ब्रदर", म्हणजे "मला भाऊ आहे".

दुसरं, काम होऊन गेलेलं असणं. "आय हॅव ईटन", म्हणजे "मी जेवलो आहे". बोलताना आपण "जेवलोय" म्हणतो, इंग्रज "आयव्ह ईटन" म्हणतो. दोघंही घाईत!

तिसरं, करावं लागणं. "आय हॅव टू गो", म्हणजे "मला जायचं आहे". फक्त एक फरक. "जायचंय"मध्ये कधी इच्छा असते, कधी गरज. 'हॅव टू'मध्ये गरजच असते, आपलं "मले जा लागते" असतं ना, तसं.

मग 'हॅविंग' कायम चूक का? नाही. "आय ॲम हॅविंग लंच" एकदम बरोबर, कारण जेवण चालू आहे. हीच युक्ती लक्षात ठेवा. मराठीत 'चालू आहे' बसत असेल तर 'हॅविंग', नुसतं 'आहे' बसत असेल तर 'हॅव'. "मला दोन भाऊ चालू आहेत" म्हणून बघा. भाऊ चालू असतीलही, पण तो वेगळा विषय! म्हणून "आय हॅव टू ब्रदर्स".

अजून एक जागा आहे, तिथे 'आहे' नाही, 'घेणे' कामी येतं. "चहा घेणार?" याचं आपण "विल यू टेक टी?" करतो. समजतं, पण "विल यू हॅव सम टी?" जास्त सहज वाटतं. आणि "मी गाडी दुरुस्त करून घेतली" म्हणजे "आय हॅड माय बाइक रिपेअर्ड". "आय रिपेअर्ड माय बाइक" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, पाना हातात घेऊन तुम्हीच बसला होतात.

आजचा गृहपाठ सोपा आहे. उद्या तर्री पोहे खाताना मित्राला तीन वाक्यं ऐकवा. तुमच्याकडे काय आहे, आज काय करून झालंय आणि काय करावं लागणार आहे. तो हसला तर हसू द्या, तुम्ही वाक्य पूर्ण करा. मुलाखतीतही तेच करायचं. चुकलं तर जागच्या जागी सुधारायचं आणि पुढे बोलायचं. गप्प बसलात तर तुम्हाला काय येतं हे कळणार कसं?

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हॅव अ गुड डे! बघा, इथेही 'हॅव' आलंच.