थंड हवेचा हिशेब कोण मागणार?



परळ-लालबागच्या गिरण्यांत हवा हा कामगारांचा प्रश्न होता. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून कताई आणि विणाई खात्यांत कृत्रिम रीतीने दमटपणा निर्माण केला जाई. सुताला मानवणारी ही हवा कामगाराच्या जिवावर येई. सूत आणि माणूस यांतला निवाडा मालकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही, हे अखेर कायद्याला मान्य करावे लागले. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तेराव्या कलमाने खेळती हवा आणि सुसह्य तापमान राखण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. पंधराव्या कलमाने दमटपणाची मर्यादा ठरविण्याचा, तो मोजायला व त्याची नोंद ठेवायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. त्यासाठी वापरायचे पाणी पिण्याच्या साठ्याचे तरी असावे, नाहीतर आधी शुद्ध केलेले असावे, अशीही अट होती. या कायद्याची अंमलबजावणी आदर्श होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु कामगाराचा श्वास ही मोजण्याची बाब आहे आणि मालकाने तिचा हिशेब द्यावयाचा आहे, हे तत्त्व त्यात होते.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमांनी त्यांच्या जमिनी मोकळ्या केल्या आणि २००१ च्या दुरुस्तीने त्यांतला सार्वजनिक वाटा आकसला. भोंग्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. काचेच्या भिंतीला बहुधा उघडणारी खिडकी नसते. यंत्र आणील तीच हवा आत येते. तेथे कारकून, विक्रेत्या मुली, पहारेकरी, सफाई कामगार दहा-दहा तास काढतात. त्यांतले पुष्कळ जण गिरणी कामगारांचीच मुले-नातवंडे आहेत. त्यांच्या हवेचा हिशेब कोण देतो?

कायद्यांची वाण नाही. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी संहिता आली. २०१७ मध्ये ती सुधारली गेली. परंतु राज्यांनी आपल्या बांधकाम नियमांत उतरविल्याखेरीज तिला धार येत नाही. तापमान एक अंशाने वाढविले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे सरकारी यंत्रणाच सांगते. तरीही १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांवर लावून विकण्याची सक्ती झाली ती खोलीत बसविण्याच्या यंत्रांवर. विमानतळ, हॉटेले आणि मोठ्या कचेऱ्यांना २०१८ मध्ये मिळाला तो केवळ सल्ला. लहान ग्राहकाला नियम आणि मोठ्याला उपदेश, अशी ही वाटणी आहे.

आगीच्या बाबतीत प्रश्न जिवाचा होतो. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा बळी गेला. त्यांतले बहुतेक गुदमरून मेले. ती आग वातानुकूलनामुळे लागली नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु ज्वाळेआधी धूर मारतो, हा धडा तिने दिला. बंद इमारतीत हवेची नळी हीच धुराची वाट होऊ शकते. म्हणून राष्ट्रीय इमारत संहिता आग अडविणाऱ्या झडपा बसविण्यास आणि धूर दिसताच हवेचे यंत्र बंद होईल अशी व्यवस्था करण्यास सांगते. या झडपा छताआड असतात. त्या मिटतात की गंजून अडकल्या आहेत, हे खाली बसलेल्याला कळत नाही. आणि तपासणार कोण? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत सादर करावयाचे असते. ती संस्था निवडतो मालक, तिचे पैसे देतो मालक. ज्याची परीक्षा त्यानेच परीक्षक नेमावा, हा न्याय कोणत्या शाळेत चालतो?

पाण्याचेही तसेच. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांत न्युमोनियाची जीवघेणी साथ पसरली आणि शीतकरण मनोऱ्यांतल्या पाण्यात वाढणाऱ्या जंतूकडे जगाचे लक्ष गेले. गिरणीच्या दमटपणासाठी शुद्ध पाण्याचा आग्रह धरणाऱ्या देशाला ही गोष्ट नवी वाटू नये.

थंड हवा ही श्रीमंतांची चैन, चळवळीने तीत वेळ का दवडावा, असे काही कार्यकर्ते म्हणतील. त्यांनी गिरगावच्या एखाद्या गल्लीत दुपारी उभे राहावे. दुकानांतली उष्णता बाहेर फेकणारी यंत्रे पदपथावरच्या भाजीवालीच्या आणि चाळीतल्या खिडक्यांच्या तोंडावर फुंकत असतात. पट्ट्यावाचून भिंतीला लोंबकळून ती दुरुस्त करणारा मेकॅनिक बहुधा कंत्राटी असतो. चैन एकाची, तिची आच दुसऱ्याला, अशी व्यवस्था असेल तर तो वर्गाचाच प्रश्न आहे.

म्हणून मागण्या साध्या ठेवल्या पाहिजेत. प्रत्येक मजल्यावर तापमान, दमटपणा आणि कोंडलेल्या हवेचे माप सर्वांना दिसेल असे लावावे. तपासणीचे प्रमाणपत्र तारखेसह दर्शनी जागी असावे. तपासनीस पालिकेने चिठ्ठ्या टाकून नेमावा, त्याचे शुल्क मालकाने पालिकेकडे भरावे आणि तपासणीच्या वेळी कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी हजर असावा. उंचावर काम करणाऱ्या मेकॅनिकला पट्टा आणि विमा मिळाल्याशिवाय काम सुरू होऊ नये. नियम कपाटातून भिंतीवर आले, की ते राबविण्याचे बळ त्या भिंतींआड राबणाऱ्यांच्या हाती येईल. ते बळ संघटित करणे हे या भागातल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.