वाहणारे कान आणि शेवटची ओळ
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आज मी मुलांच्या नाकाकानांविषयी बोलणार आहे. हा विषय डॉक्टरांचा, आपला नव्हे, असे आपणांस वाटेल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत असे.

नोकरीच्या आरंभी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. शुद्धलेखनात मी ‘ताट’ सांगावे आणि त्याने ‘पाट’ लिहावे. ‘साठ’ सांगावे, त्याने ‘काठ’ लिहावे. मी त्यास मठ्ठ ठरवून शेवटच्या ओळीत बसविले. त्याच्या कानास दुर्गंधी येई, म्हणून मुलेही त्याच्याजवळ बसत नसत. तेव्हा ही व्यवस्था सर्वांच्याच सोयीची झाली! पुढे डॉक्टरांनी तपासले तेव्हा त्याच्या दोन्ही कानांच्या पडद्यांना छिद्रे आढळली. ज्याला कमी ऐकू येत होते, त्यालाच मी दूर लोटले होते.

नाकाचा मागचा भाग आणि मधला कान यांना जोडणारी एक बारीक नळी असते. मोठ्या माणसात ती लांब व तिरकी, मुलात आखूड व जवळजवळ आडवी असते. त्यामुळे नाकातला विकार कानापर्यंत चटकन पोचतो. धूळ, धूर, बुरशी यांचे ज्या मुलास वावडे असते, त्याचे नाक सदा चोंदलेले राहते. नळीचे तोंड सुजते आणि मधल्या कानात पाणी साचू शकते. अशा वेळी कान वाहत नाही, बहुधा दुखतही नाही. केवळ ऐकणे मंदावते. तळहाताने नाक वर चोळणारे, तोंड उघडे ठेवून बसणारे, शिंकांवर शिंका देणारे मूल म्हणूनच हेरून ठेवावे. वर्ग झाडताना पाणी शिंपडावे, फळ्याचे डस्टर बाहेर झटकावे. नाकातील फवारा डॉक्टरांनी दिला असेल, तर तो सांगितले तितके दिवस नियमित घ्यावा लागतो. दोन दिवसांत गुण नाही म्हणून पालक तो टाकून देतात.

कान वाहू लागला की घरोघरी कोमट तेल घालतात. आयाबहिणींना दोष न देता हे थांबवावयास सांगावे. तेल नको, काडी नको, विहिरीत पोहणे तर नकोच. स्वच्छ सुती कापडाची वात करून कान हलक्या हाताने टिपावा आणि मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. दोन आठवड्यांहून अधिक वाहणारा कान हा जुनाट विकार समजावा. पडद्याचे छिद्र शस्त्रक्रियेने बुजविता येते, हेही पालकांना सांगा. पुष्कळांना ते ठाऊक नसते. मात्र कानामागे सूज, तीव्र डोकेदुखी, उलट्या, चक्कर किंवा तोंड वाकडे होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

एक सोपी परीक्षा करून पाहा. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, त्याचा एक कान बोटाने बंद करावा आणि कुजबुजत्या स्वरात चार ओळखीचे शब्द म्हणावेत. मग दुसरा कान. जे मूल चुकेल त्यास, डॉक्टरांकडे जाईपर्यंत, पहिल्या ओळीत बसवावे. चांगला कान आपल्या बाजूस येईल असे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी नेमकी हीच मुले गैरहजर असतात, असा माझा अनुभव आहे. त्यांची यादी आधी करावी आणि आदल्या संध्याकाळी घरी निरोप धाडावा.