रद्दीच्या निधीची गोष्ट
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



कमिटीने मला 'रद्दी निधीबद्दल पाच मिनिटं बोला' असं सांगितलं आहे. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हिशेब सांगायला आवडतो. पण निधी सुरू का झाला हे नव्या सभासदांना ठाऊक नाही. जुन्यांना ठाऊक आहे, पण माझ्यासमोर कोणी विषय काढत नाही. म्हणून आज मीच सांगतो.

२०११ च्या एप्रिलमध्ये मला नात झाली. सूनबाईंचं माहेर लांबचं, म्हणून बाळंतपण इथेच झालं. बारशाला हाच हॉल भरला होता. पुढे मे महिन्यात एकदा ही मला म्हणाली, "अहो, दूध पिताना बाळ किती घामाघूम होतंय बघा. मध्येच थांबतं, दमतं." मी पेपर वाचत होतो. म्हटलं, "मे महिना आहे, मलाही घाम येतोय." दोन दिवसांनी तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं.

ओठ निळसर दिसले तेव्हा आम्ही धावलो. फुफ्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा हृदयाच्या डाव्या कप्प्याऐवजी भलतीकडे जोडलेल्या होत्या. वेळेत कळलं तर ऑपरेशनने दुरुस्त होणारी गोष्ट. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवायचं ठरलं, पण ती रात्र तिने काढली नाही. डॉक्टर म्हणाले, शंभरात साधारण एका बाळाच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो, यात तुमची चूक नाही. मी मान डोलावली.

वर्षाने सूनबाई म्हणाली, "बाबा, तिच्या आठवणीत काहीतरी करूया. पण फोटो नको, फलक नको." तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण खाली रद्दी गोळा करतो. पहिल्या महिन्यात ६४० रुपये आले. हल्ली पेपर कमी आणि ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठे जास्त!

हे पैसे सोसायटीच्या खात्यात कधीच मिसळले नाहीत. ते दोन सभासदांच्या संयुक्त खात्यात जातात, आणि वर्षातून एकदा थेट रुग्णालयाच्या नावाने चेक निघतो. सुरुवातीला मला वाटायचं, एखाद्या ऑपरेशनला द्यावेत. तिथल्या समाजसेवा विभागातल्या बाईंनी मला शहाणं केलं. ऑपरेशनला सरकारी योजना आहेत, खारघरच्या श्री सत्य साई संजीवनीसारख्या ठिकाणी तर मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. पण गावाहून येणाऱ्या आईबापांचं एसटीचं तिकीट, जेवण, बुडालेली मजुरी यांचं काय? तिकीट नाही म्हणून तपासणीची तारीख चुकते. आपली रद्दी तिथे उपयोगी पडते.

कोरोनानंतर कोणीतरी सुचवलं, घरोघरी ऑक्सिमीटर पडून आहेत, ते प्रसूतिगृहाला देऊ. चौदा जमले. डॉक्टर हसले. मोठ्यांच्या बोटाची ती चिमटी नवजात बाळाला बसत नाही, त्याच्या पायाला गुंडाळायचा वेगळा प्रोब लागतो. जन्मानंतर चोवीस तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला लावून बघायचं. ऑक्सिजन ९५ पेक्षा कमी आला, किंवा दोहोंत ३ पेक्षा जास्त फरक पडला, तर पुढची तपासणी. दुखत नाही, काही मिनिटांत होतं. सगळे दोष यात सापडत नाहीत, पण बरेच गंभीर दोष सापडतात. त्या वर्षी चेकऐवजी आपण प्रोब घेतले. तेव्हा घरात नातवंडं येणार असतील तर डॉक्टरांना ही तपासणी झाली का, एवढं जरूर विचारा. आणि बाळ दूध पिताना दमतंय असं घरातली बाई म्हणाली, तर हातातलं काम सोडून उठा.

मार्चअखेर एकूण ३,१८,४६० रुपये जमले. पासबुक टेबलावर ठेवलंय, कोणीही बघावं.

ही तिसऱ्या रांगेत बसली आहे. दर महिन्याला सुतळी घेऊन गठ्ठे बांधायला पहिली तीच खाली येते. त्या मे महिन्यावरून तिने मला आजवर एका शब्दाने बोललेलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगतो, तुझं बरोबर होतं. मी पेपर खाली ठेवायला हवा होता.

पुढचा रविवार पाच तारखेला आहे. पुठ्ठे कृपया सपाट करून आणा.