तेल, तूप आणि द्विबंध

जानेवारीतील दिल्लीची सकाळ. करोलबागेतील एखाद्या मराठी घरात स्वयंपाकाला आरंभ होतो, तेव्हा खोबरेल बाटलीत पांढरेशुभ्र गोठलेले असते, तुपात चमचा शिरत नाही. मोहरीचे तेल मात्र नेहमीच्याच धारेने वाहत असते. तिन्ही पदार्थ स्निग्ध, तिघांची घडण एकाच जातीची. मग दोघांनी थंडीपुढे हार मानावी आणि तिसऱ्याने मानू नये, असे का?

स्निग्ध पदार्थांचा मुख्य घटक म्हणजे वसाम्ल, अर्थात कार्बन-अणूंची लांब साखळी. साखळीतील कार्बनांनी शक्य तितके हायड्रोजन धरून ठेवले असतील, तर ते वसाम्ल संपृक्त होय. अशा साखळ्या मोळीतील सरळ काटक्यांप्रमाणे एकमेकींना बिलगून बसतात. शेजारच्या दोन कार्बनांवरील एकेक हायड्रोजन निघून गेला, की त्या दोघांत आणखी एक बंध जुळतो. हाच द्विबंध. निसर्गात त्याच्यापाशी उरलेले दोन हायड्रोजन बहुधा एकाच बाजूला असतात, त्यामुळे साखळीला बाक येतो. आणि वाकड्या काटक्यांची मोळी घट्ट बांधली जात नाही. अठरा कार्बनांचे स्टिअरिक अम्ल सुमारे ६९ अंश सेल्सियसला वितळते. त्याच्या मध्यावर असा एकच द्विबंध आला, की त्याचे ओलेइक अम्ल होते आणि ते १३ अंशांच्या आसपासच वितळते.

द्विबंध पुसून टाकणे रसायनज्ञाला कठीण गेले नाही. तापवलेल्या तेलात निकेलची बारीक पूड मिसळून हायड्रोजन सोडला, की तेल घट्ट होते. जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली या कृतीचे पेटंट घेतले. तिच्यातूनच पुढे वनस्पती तूप आले. ‘डालडा’ हे नाव भारतात १९३७ पासून घरोघर पोहोचले. १९५० च्या सुमारास दिल्लीच्या संसदेत पंडित ठाकुरदास भार्गव यांनी वनस्पतीबंदीचे विधेयक मांडले. लोकांना धास्ती होती ती साजूक तुपातील भेसळीची. म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती होती. भेसळीचे तूप रासायनिक कसोटीस लावले, की तिळाचे तेल तांबूस रंग दाखवून चोरी उघड करी.

खरा धोका मात्र त्या कसोटीत दिसणारा नव्हता. हायड्रोजन अर्धवट मिळाला, तर काही द्विबंध टिकतात. पण त्यांच्यापाशी असलेले हायड्रोजन समोरासमोरच्या बाजूंना जातात. साखळी पुन्हा जवळजवळ सरळ होते. हे ट्रान्स वसाम्ल. ओलेइक अम्लाचेच हे भावंड, अणू तेच आणि तेवढेच. पण ते सुमारे ४५ अंशांना वितळते. अशी वसाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात व हितकर कोलेस्टेरॉल घटवतात, हे १९९० साली मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी दाखवले. दिल्लीत मुख्यालय असलेल्या भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतींतील या वसाम्लांची कमाल मर्यादा दोन टक्क्यांवर आणली.

पुसलेला द्विबंध परत घालणे ही गोष्ट वेगळी. संपृक्त साखळीत सर्व कार्बन दिसायला सारखेच; त्यांतील नेमके नववा आणि दहावा निवडून, एकाच बाजूचे दोन हायड्रोजन उचलायचे कसे? साखळीच्या अम्लटोकाजवळ द्विबंध घालण्याच्या काही रीती आजच्या प्रयोगशाळांना साधल्या आहेत. ऐन मध्यावर तो घालणे अजूनही दुर्घट आहे. जिवंत पेशी मात्र हे काम साध्या शारीरिक तपमानात करते. त्यासाठी तिच्यापाशी डिसॅच्युरेज नावाचे एंझाइम असते. त्याच्या गाभ्यात लोहाचे दोन अणू असतात; ते प्राणवायूला कामाला लावतात, ठरलेल्या जागेचे दोन हायड्रोजन काढून घेतात, आणि अखेरीस पाणी तयार होते. या विक्रियेला प्राणवायू लागतोच, हे ब्लूमफील्ड आणि कोनराड ब्लॉक यांनी १९६० साली यीस्टवरील प्रयोगांतून सिद्ध केले.

माणसाच्या शरीरातही हे एंझाइम आहे. म्हणून स्टिअरिक अम्लाचे ओलेइक अम्ल शरीर स्वतः करू शकते. परंतु नवव्या कार्बनाच्या पलीकडे, साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे, नवा द्विबंध घालण्याची शक्ती त्याला नाही. बाराव्या आणि पंधराव्या जागी द्विबंध घालणारी एंझाइमे वनस्पतींकडे आहेत. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी १९२९ साली उंदरांना स्निग्धांशरहित आहारावर ठेवले, तेव्हा त्यांची वाढ खुंटली व कातडी खवल्यांसारखी झाली. ज्यांची उणीव भासली ती वसाम्ले उंदराला जशी घडवता येत नाहीत, तशीच माणसालाही नाहीत.

लिनोलेइक अम्ल करडईच्या तेलात विपुल असते आणि लिनोलेनिक अम्ल जवसात. दिल्लीभोवतीच्या शेतांत ऐन थंडीत फुलणाऱ्या मोहरीच्या तेलात दोन्ही असतात. तेल घट्ट करण्याच्या हौसेपायी कारखान्याने वर्षानुवर्षे जे द्विबंध पुसले, त्यांत हेही होते. सकाळी कढईत पडणाऱ्या त्या वाहत्या धारेत, माणसाच्या शरीराला न साधणारे काम एका रोपाने आधीच करून ठेवलेले असते.