डब्यावर ४०० लिहिलंय, पण तुमचा आकडा किती?

एक प्रश्न सारखा येतो. दारात बसलेल्या आजीचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर काढला, मागचं अंगण झकास आलं, पण आजीचा चेहरा काळाकुट्ट. स्कॅन करून उजळवला तर नुसता करडा चिखल. होणारच की! निगेटिव्हवर जे उमटलंच नाही, ते कुठलंही अ‍ॅप परत आणू शकत नाही.

म्हणून आज फिल्मची टेस्ट. उदाहरणाला इल्फर्डची एचपी५ प्लस घेऊ. डब्यावरचा ४०० हा आकडा खोटा नाही, पण तो ठरावीक पद्धतीने प्रयोगशाळेत काढलेला असतो. तुमचं मीटर, तुमचं शटर, तुमची डबा हलवायची पद्धत, यांचा त्यात हिशोब नाही. अँसल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास झोन सिस्टिम बसवली, त्यातलीच ही टेस्ट.

एकसारखा उजेड असलेली साधी भिंत शोधा. फोकस अनंतावर, म्हणजे भिंतीचा खरखरीतपणा दिसणार नाही. मीटर कुठलीही भिंत मधल्या करड्या रंगाचीच समजतं. आपल्याला हवी जवळजवळ काळी, म्हणून चार स्टॉप कमी द्यायचे. मीटर एफ/४ म्हणालं तर एफ/१६. मीटर आधी ४००ला, मग ३२०, २५०, २००, १६०ला लावून एकेक फ्रेम घ्या. आणि एक फ्रेम लेन्सला झाकण लावून, कोरी. ही विसरू नका, सगळी तुलना तिच्याशीच आहे.

आयडी-११ एकास एक पाणी, २० अंश, १३ मिनिटं. हा कंपनीचाच वेळ.

आता डेन्सिटोमीटर कुणाकडे असतो? नसू दे. डार्करूममध्ये कोऱ्या फ्रेममधून कागद पूर्ण काळा व्हायला कमीत कमी किती सेकंद लागतात ते शोधा. तेवढेच सेकंद बाकीच्या फ्रेम्सना द्या. जी फ्रेम काळ्यापेक्षा जेमतेम वेगळी दिसते, तिचा आकडा तुमचा. २५० किंवा २०० आला तर दचकू नका, बऱ्याच जणांचा तसाच येतो.

सावली एक्स्पोजरने ठरते, उजळ भाग डेव्हलपिंगच्या वेळाने. त्यामुळे नव्या आकड्यावर तीच भिंत, पण आता तीन स्टॉप जास्त. तेवढ्याच सेकंदांच्या प्रिंटमध्ये ती पांढरी, पण किंचित छटा असलेली यायला हवी. कोरा कागदच दिसला तर वेळ १० ते १५ टक्के कमी करा, करडी आली तर तेवढीच वाढवा आणि पुन्हा बघा.

हो, आणि थर्मामीटर घ्याच. मे महिन्यात आपल्या नळाला २० अंशाचं पाणी येत नाही. इल्फर्डच्या तक्त्यात २० अंशाला ४ मिनिटं असतील तर २३ला ३ होतात, म्हणजे तीन अंशांत पाव वेळ गेला! बर्फाच्या पाण्यात बाटली ठेवून द्रावण गार करा.

मीटरचं अ‍ॅप फोनमधलं चालेल. फक्त टेस्टला जे वापरलं, तेच पुढे वापरायचं.