भेट आणि वास्तव्य
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देवाचे उपकार स्मरावे, ही आपली रीत आहे. या आनंदांत गरीब शाळकरी लेंकरांचीही आठवण व्हावी, म्हणून आम्ही दोन शब्द बोलण्याची परवानगी घेतों.

जपमाळेच्या आनंदाच्या दुसऱ्या रहस्याचें आपण नित्य मनन करतों. पवित्र मरिया एलिझाबेथेच्या घरीं गेली. संत लूक सांगतो कीं, ती तेथें सुमारें तीन महिने राहिली. दारांतील त्या वंदनाचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें सहज उभें राहतें. पुढील तीन महिन्यांचा मात्र विसर पडतो. गरिबाच्या घरीं जाणारानें त्या तीन महिन्यांचें चिंतन करावें.

मुंबईंत माहीम व शीव यांच्यामध्यें धारावी आहे. दोन चौरस किलोमीटरांहून किंचित् अधिक जागेंत तेथें लाखों माणसें राहतात. कुंभारांच्या भट्ट्या, कातड्याचें काम, शिलाई, भंगाराची निवड. सारी वस्ती कष्टावर जगते. तेथील शाळकरी मुलांच्या घरीं आम्हीं फेऱ्या घातल्या. एकच खोली, तेंच स्वयंपाकघर, तीच निजण्याची जागा, आणि कित्येकदां तोच कारखाना. नळास पाणी येण्याच्या वेळीं मुलगी हंडे भरीत असते. पहांटे कामावर जाणाऱ्या बापास दिवा मालवल्यावांचून झोंप नाहीं, आणि दिवा मालवला कीं धडा राहिला. अशा मुलास वर्गांत मंद म्हणतात. वस्तुतः तें निजेस आंचवलेलें असतें.

एका माउलीनें आम्हांस उंबऱ्यावरच थांबविलें. ती म्हणाली, “मागें आलेल्यांनीं पोरांचीं छायाचित्रें घेतलीं, वह्या दिल्या, ते पुन्हां फिरकले नाहींत. तुम्ही परत येणार का?” या प्रश्नास उत्तर तोंडानें देतां येत नाहीं.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें नव्हे. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांस मोफत व सक्तीचें शिक्षण देणारा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. मुंबई महानगरपालिका आठ भाषांतून शाळा चालविते. परंतु शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ कोणत्या कायद्यांत बसवावी? २०२० च्या मार्चांत महामारीमुळें शाळा बंद झाल्या, आणि शिक्षण फोनवर आलें. ज्या घरांत एकच फोन, व तोही बापाबरोबर बाहेर, त्या घरांतील मुलाची शाळा खरोखरच बंद झाली.

१८३३ सालीं पॅरिस येथें वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्यानें सोबत्यांसह संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नांवाची संस्था काढली. गरिबाच्या घरीं स्वतः, जोडीनें जावें, हा तिचा परिपाठ. त्या तरुणांस वाट दाखविणारी भगिनी रोझाली रांदू पॅरिसच्या एकाच दरिद्री वस्तींत पन्नास वर्षांहून अधिक काळ राबली. ओझानाम यांस १९९७ सालीं व भगिनी रोझाली यांस २००३ सालीं पवित्र सभेनें धन्यवादित घोषित केलें. टिकून राहणें हेंच त्यांच्या सेवेचें बळ होतें.

आपल्या धर्मग्रामाच्या सीमेंतही अशीं घरें आहेत. म्हणून आमची विनंति अल्प आहे. दोघांनीं मिळून एकच कुटुंब घ्यावें, आणि वर्षभर दर आठवड्यास त्याच दारीं जावें. प्रथम आईचें ऐकावें. मुलास काय हवें, तें तिला आपल्यापेक्षां अधिक ठाऊक असतें. छायाचित्र घेऊं नये. धर्म वा जात विचारूं नये. लहानग्याचा स्वीकार करावयास सांगतांना प्रभु येशूनें त्या बालकाचें कूळ सांगितलेलें नाहीं. आणि आपलें सभागृह, जें बहुतेक संध्याकाळीं कुलूपबंद असतें, तें सात ते नऊ या वेळांत अभ्यासास खुलें करावें.

या उत्सवाची रोषणाई आठ दिवसांनीं उतरेल. त्यांतील सभागृहापुरते दिवे तेवढे उतरवूं नयेत, इतकीच आमची प्रार्थना आहे.